सोनिवलीच्या तळ्यातले रोहू

आमचे साहेब पाणी चाखायचे. तळं असो, नदी असो, शेतातलं डबकं असो, काठावर उकिडवं बसायचं, ओंजळीतला घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटून तो या गालातून त्या गालात फिरवायचा आणि बाजूला थुंकायचा. मग खिशातली वही काढून लिहायचं. तापमापक होता, बाटल्या होत्या, पाण्याचा आंबटपणा दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. ते सगळं मी हाताळायचो. चाखायचं काम मात्र त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. ज्या पाण्यात त्यांनी जन्म काढायचा, ते आपल्याला घोटभर तोंडात धरवत नसेल तर त्यांना तिथे सोडायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. 'त्यांनी' म्हणजे माशांनी.

एकदा आम्ही अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या ओढ्याचं पाणी बघायला गेलो. वरच्या अंगाला कसलं तरी काम सुरू झालं होतं आणि पाण्यावर पिवळट झाक होती. मी त्यांचा हात धरला, पण घोट घ्यायचा तो त्यांनी घेतलाच. त्या दिवशीची वहीतली नोंद अशी आहे: 'चव नाही. जिभेलाही काही कळत नाही.' पुढचे दोन दिवस डब्यातल्या भाजीत मीठ बरोबर आहे का, ते मला चाखायला लावून विचारत होते.

मी तेव्हा सरकारी मत्स्य खात्यात फील्डमन होतो. सातवी पास झाल्यावर मिळालेली पहिलीच नोकरी, आणि तीही माझ्याच गावात, बदलापूरजवळच्या सोनिवलीत. गावाबाहेरचं तळं खात्याने काही वर्षांसाठी घेतलं होतं, आणि त्यावर संशोधन करायला या साहेबांना पाठवलं होतं. ते अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ एका खोलीत एकटे राहायचे आणि रोज सायकलवरून यायचे. सायकलच्या दांड्याला बाटल्या बांधलेल्या असत, त्यामुळे साहेब फाट्याला आले की किणकिणाट आम्हाला तळ्यावर ऐकू यायचा. सगळ्यांना ते अहो-जाहो करायचे. मला तर करायचेच, पण रस्त्यात आडवा बसलेला बैलही "जरा सरकता का?" ऐकल्याशिवाय उठायचा नाही. गावातली माणसं मागे हसायची. मीही हसायचो, कबूल करतो.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे एक प्रश्न. काहीही सांगा, ते विचारणार, "कोणी बघितलं?" तळं काठोकाठ भरलं म्हणून मी धावत सांगायला गेलो, तर कोणी बघितलं? बगळे आलेत, कोणी बघितलं? माझी बहीण बाळंत झाली, पेढे घ्या, म्हटलं, तर पेढा तोंडात टाकता टाकता तेच. त्यांच्या मोठ्या वहीत तारीख, वेळ, पाणी, चव, नोंद असे रकाने होते आणि अगदी शेवटचा रकाना या प्रश्नाचा होता. त्यात ज्याने प्रत्यक्ष बघितलं त्याचंच नाव जायचं. मी बघितलेलं त्यांनी कधी स्वतःच्या नावावर घातलं नाही, आणि त्यांनी बघितलेलं मला कधी माझ्या नावावर घालू दिलं नाही.

आता त्या तळ्यात काय चाललं होतं ते सांगतो. रोहू हा बंगालकडचा मासा. आपल्याकडच्या तळ्यात टाकला तर वाढतो झकास, पण साठलेल्या पाण्यात त्याची वीण होत नाही. त्यामुळे दर वर्षी त्याची डोळ्यांना धड न दिसणारी पिल्लं कलकत्त्याहून मातीच्या मडक्यांत भरून आगगाडीने आणावी लागत. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून माणसं वाटभर ती मडकी हलवत बसायची, आणि तरी निम्मी पिल्लं वाटेतच मरायची. साहेबांनी एक वर्षी स्वतः तसा प्रवास केला होता. परत आले तेव्हा मडकी खाली ठेवल्यावरही त्यांचे हात हलत होते. तेव्हापासून त्यांनी डोक्यात घेतलं की रोहू इथेच, सोनिवलीच्या पाण्यात, विणला पाहिजे. आणि हे त्यांच्या आधी या भागात कुणाला जमलं नव्हतं.

त्यासाठी त्यांना माशांची डोकी लागायची. माशाच्या मेंदूखाली मोहरीएवढी एक गाठ असते. ती काढून, वाटून, त्याचं पाणी सुईने मादीला टोचलं तर ती अंडी टाकते, असं त्यांनी कुठे वाचलं होतं. मग आमची वरात उल्हासनगरला. तिथल्या कॅम्पात सिंधी लोकांची वस्ती. सिंधू नदीच्या काठची ती माणसं, त्यांना गोड्या पाण्याचा मासा समुद्राच्या माशाहून लाडका. फाळणीआधी सिंधमध्ये सक्करला कापडाचं दुकान असलेला एक गृहस्थ आता बराकीच्या कोपऱ्यावर फळी टाकून नदीचे मासे विकायचा. साहेबांनी डोकी मागितल्यावर तो म्हणाला, "साईं, मुंडी तो गिराक की है. मुंडी के बिना वो मच्छी लेगा ही नहीं."

तेही खरंच होतं. त्या लोकांत डोकं म्हणजे मानाचा तुकडा. मग साहेबांनी तोड काढली. ज्याने मासा घेतला त्याच्या मागोमाग त्याच्या बराकीपर्यंत जायचं, ओट्यावर बसायचं, पिशवीतून बारीक करवत काढून माशाची कवटी उघडायची, चिमट्याने ती गाठ उचलून होमिओपॅथीच्या बाटलीत टाकायची आणि डोकं पुन्हा नीट जुळवून घरच्या बाईच्या हातात द्यायचं. पहिल्या आठवड्यात बायकांनी डोकी लपवली. महिन्याभरात त्याच निरोप पाठवू लागल्या, मुंडी आली आहे, डाक्टरला बोलवा. एका म्हातारीने त्यांना सांगितलं की पाणी लाल होऊन चढलं की तेव्हाच मच्छी अंडी देते. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हातारी म्हणाली, "मैंने देखा, और कौन देखेगा?" या उत्तरावर साहेब इतके खूष झाले की तिचं नाव विचारून त्यांनी ते तिथल्या तिथे शेवटच्या रकान्यात लिहिलं.

दोन पावसाळे सुई टोचून वाया गेले. तिसऱ्या वर्षी मुंबईच्या ऑफिसातून कागद आला की या पावसात काही निष्पन्न झालं नाही तर तळ्यावरचं संशोधन केंद्र बंद करून तळं गावाला परत देण्यात येईल. साहेबांनी तो कागद घडी करून वहीत ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी मला बगळ्यांबद्दल विचारणं बंद केलं. तळ्यात तीन वर्षं सांभाळलेले नऊ रोहू होते, पाच माद्या आणि चार नर. ओळखीसाठी प्रत्येकाचा पोटाखालचा डावा पर, म्हणजे पोहायचा पंख, मी थोडासा कातरला होता. साहेबांचं सगळं त्या नऊ माशांत होतं. माझंही होतं म्हणा, कारण केंद्र बंद झालं की माझी नोकरी राहील याची खात्री नव्हती.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. पाऊस लागून ओहोळ खळाळू लागले की मासे पाण्याच्या उलट्या दिशेने वर चढतात आणि भाताच्या खाचरांत शिरून अंडी घालतात. आम्ही याला वलगण म्हणतो. वलगणीला जो मासा चढून ज्याच्या खाचरात आला तो त्याचा. कोणाच्या तळ्यातून आला, कुठल्या नदीतून आला, कोणी विचारत नाही. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, भरलेला मासा हाच तर वलगणीचा सोहळा. आषाढात साहेबांनी माद्यांना सुई टोचली आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तळ्याच्या सांडव्यावर, जिथून पाणी बाहेर पडतं तिथे, बांबूची दुहेरी जाळी ठोकून घेतली. ज्या ओहोळातून पाणी तळ्यात येतं तो मात्र उघडाच राहिला.

आणि हे मला दिसत होतं. मासा पाण्याबरोबर जात नाही, पाण्यावर चढतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण मला वाटलं, साहेब एवढे शिकलेले, पुन्हा हा मासा बंगालचा, त्याची रीत वेगळी असेल. मी गप्प बसलो. मला अजून कळत नाही की ती भीड होती की नोकरी जाईल म्हणून आलेली लाचारी. काही का असेना, चूक माझी होती.

दोन दिवस धो धो पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावर सांडव्याची जाळी बघितली, शाबूत होती. दुपारी घरी जेवायला गेलो. माझी आई, तिच्या एकटीच्या जिवावर आमची शेती चालायची, चुलीपुढे बसली होती आणि पातेल्यात मावत नाहीत एवढे मोठाले तुकडे शिजत होते. पहाटे आमच्या वरच्या खाचरात पाणी हलताना तिला दिसलं होतं आणि तिने टोपलीखाली दाबून दोन मासे धरले होते. शेजारच्यांनी आणखी दोन धरले. असा मासा वलगणीला कधी आला नव्हता म्हणून ती हरखली होती. बाहेर खवल्यांच्या ढिगात कापलेले पर पडले होते. मी ते उलटून पालटून पाहिले. दोन पर कातरलेले होते, माझ्याच कात्रीचे.

 जेवण तसंच टाकून मी तळ्यावर गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं, उघड्या ओहोळाचंही. मला वाटलं होतं, ते ओरडतील, निदान खाली बसतील. ते म्हणाले, "चला."  पायातली चप्पल चिखलात रुतून राहिली ती घ्यायलाही ते थांबले नाहीत.

आईने त्यांना पाट दिला आणि ताट वाढलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेबांनी ताटातला तुकडा बोटाने उलटा केला, पोटाकडची बाजू पाहिली आणि आईला विचारलं, मासा कोणी साफ केला. आई म्हणाली, मीच. मग त्यांनी विचारलं, पोटात काय निघालं. आता आई ओशाळली. पाहुण्याला वलगणीचा मासा वाढायचा आणि त्यात गाभोळी नसावी, हे तिच्या लेखी मोठंच कमीपण होतं.

"मना लाज वाटते, सायब," ती म्हणाली. "येवढी मोठी मासली, न पोटान काय बी नाय. पिशवी नुसती लोंबत व्हती. दानं व्हतं चार, त्ये पन मऊ पडलेलं."

साहेबांनी ते तिला तीनदा सांगायला लावलं. पिशवी कशी होती? तिने कनवटीची चंची काढून, त्यातलं पान-सुपारी खाली ओतून, ती रिकामी चंची त्यांना दाबून दाखवली. दोन्ही माद्यांचं तसंच होतं का? होय, दोन्हींचं. एकीला जरा रक्त होतं. साहेब उठले. हात न धुताच उठले. मला तोवर उमगलं नव्हतं, पण मासे पकडले जाण्याआधी वीण होऊन गेली होती. अंडी आमच्या खाचरात होती.

ती दिसली, तेव्हा खाचराच्या कडेला, जिथे पाणी संथ होतं, भिजवलेला साबुदाणा सांडावा तशी पसरली होती. साहेब गुडघाभर चिखलात उभे राहून एक दाणा तळहातावर घेऊन बघत होते. त्यांचे हात हलत होते. त्यांनी आईला विचारलं, या कोपऱ्यातली आवणी, म्हणजे भाताची लावणी, तीन दिवस पुढे ढकलता येईल का. आई म्हणाली, रोपं काय पळून जातात? आम्ही मांजरपाटाच्या कापडाची चौकोनी झोळी चार बांबूंना बांधून तळ्याच्या कडेला पाण्यात सोडली आणि अंडी ओंजळी-ओंजळीने त्यात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पिल्लं वळवळत होती. साहेब त्या दिवशी पाणी चाखायला विसरले.

पुढे सगळं नशिबाने केलं. दोन दिवसांनी तळ्याला लोंढा आला, बांबू उपटले गेले आणि पिल्लं तळ्यात विखुरली. त्याच तळ्यात पंधरवड्यापूर्वी कलकत्त्याची पिल्लंही सोडलेली होती. आता कुठली कुणाची, कुणी सांगायचं? खाचरातल्या अंड्यांचं म्हणावं तर वलगणीला गावठी मासेही तिथेच अंडी घालतात. अंडी टाकलेल्या माद्या आमच्या आणि शेजाऱ्यांच्या पोटात गेलेल्या. उरला पुरावा एकच, माझ्या आईने पाहिलेलं रिकामं पोट. साहेबांनी वहीत ती नोंद केली. तिचे शब्द जसेच्या तसे, चंचीसकट, आणि शेवटच्या रकान्यात तिचं नाव. आईला सही येत नव्हती, म्हणून अंगठा घेतला.

मुंबईहून वरिष्ठ आले. माणूस वाईट नव्हता, उलट साहेबांबद्दल त्यांना आस्था होती. वही वाचून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "अहो, चुलीपुढची साक्ष मी वर कशी पाठवू? माद्या तुम्ही तपासल्या असं लिहा. एवढ्याने केंद्र वाचतं."

"मी तपासल्या नाहीत," साहेब म्हणाले. "मला ताटात तुकडा आला."

वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं. फील्डमनने पोट पाहिलं असेल तरी चालेल, म्हणाले, आणि पेन पुढे केलं. मी ते घेतलं. खरं सांगतो, मी सही करणार होतो. त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. आईने पाहिलं काय आणि मी पाहिलं काय, पोट तर रिकामंच होतं. साहेब मला हळूच म्हणाले, "तुम्ही घरी पोचलात तेव्हा मासा चुलीवर होता." मी पेन खाली ठेवलं. पण त्या क्षणी मला त्यांचा मनस्वी राग आला. एका शब्दासाठी माणूस स्वतःची तीन वर्षं पाण्यात घालतो आणि दुसऱ्याची नोकरीही. वरिष्ठांनी, मग बाईचं नाव तरी काढा, 'स्थानिकांकडून समजले' असं लिहा, इथपर्यंत उतरून पाहिलं. साहेबांनी मान हलवली. त्या बाईंनी ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे, म्हणाले.

केंद्र बंद झालं. साहेबांची बदली सोलापूरकडच्या एका तलावावर झाली. मला कल्याणला ठेवून घेतलं, ते साहेबांनीच रदबदली केल्यामुळे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. जाताना ते आमच्या घरी आले, आईच्या पाया पडले आणि सायकल ढकलत निघून गेले. बाटल्या सरकारजमा झाल्या होत्या, त्यामुळे सायकलचा आवाज येत नव्हता. मी आईला सगळी हकीकत सांगितली. ती चिडली. "मंग लिवायचा व्हता ना त्यानी, आपनच बगितला म्हनून. मी काय भांडाय जानार व्हते?" आणि थोड्या वेळाने भांडी घासता घासता स्वतःशीच म्हणाली, "माझा नाव ठेवला पन."

तळं गावाकडे परत आलं. उरलेले रोहू दर आषाढात चढायला लागले. पहिल्याच वर्षी आई हातात काठी घेऊन खाचराच्या बांधावर जाऊन बसली. मासा धरा, पण आधी पोट दाबून बघा, भरलेलं असलं तर सोडा, रिकामं झाल्यावर धरा, असं तिचं फर्मान. गाभोळीवर पाणी सोडायला सांगणारी ही कोण, म्हणून लोक तिच्यावर खवळले. गावात तिचा शब्द चालायचा असं नाही, पण तिच्या शिव्या चालायच्या. दोन वर्षांत बहुतेकांनी ऐकलं.

आणि दर वर्षी वलगण संपली की ती मला समोर बसवून साहेबांना पोस्टकार्ड लिहायला लावायची. ती सांगणार, मी लिहिणार. तिच्या नोंदी म्हणजे गमतीचाच कारभार होता. एका मादीचं पोट अर्धंच उतरलं होतं, बहुतेक घाबरली असेल. एकीच्या अंगाला जळू होती, ती मी काढली. तिसरीचं पोट बघायचं राहिलं कारण नेमकी तेव्हाच म्हैस सुटली. मी म्हणायचो, हे म्हशीचं कशाला, तर म्हणायची, झाला ता लिव. साहेबांचं उत्तर यायचं ते दोन ओळींचं. त्यात नेहमी एखादा प्रश्न असायचा आणि तो आईला असायचा, मला नाही. जळू कुठे होती, असं त्यांनी एकदा विचारलं. ती आठवडाभर त्यावर विचार करत होती.

पाचव्या वर्षी मी एकट्याने कार्ड लिहिलं. कामाच्या गडबडीत खाचरावर जाणं झालंच नव्हतं. आलेल्या-गेलेल्यांना विचारून घेतलं आणि लिहिलं की यंदा सहा माद्या चढल्या, सहाही माद्यांची पोटं पूर्ण रिकामी होती, वीण उत्तम झाली. खाली दर वर्षीप्रमाणे आईचं नाव घातलं. अक्षर नेहमीप्रमाणे माझंच होतं, कार्डही तसंच.

साहेबांचं उत्तर आठव्या दिवशी आलं. त्यात या खेपेला रोहूबद्दल काहीच नव्हतं. लिहिलं होतं, "यंदा आईंनी पोटं बघितलेली दिसत नाहीत. त्यांची तब्येत बरी आहे ना?"

आई वैशाखातच गेली होती. मी त्यांना कळवलं नव्हतं.